फलनक विश्लेषण : अध्ययनग्रंथांचा इतिहास

एका संख्येला दुसरी संख्या नेमून देणाऱ्या नियमाला ‘फलन’ म्हणतात. त्याच धर्तीवर संपूर्ण फलनाला एक संख्या नेमून देणाऱ्या नियमाला ‘फलनक’ ही संज्ञा आहे. उदा., ० ते १ या अंतरालावरील प्रत्येक संतत फलनाला त्याच्या आलेखाखालील क्षेत्रफळ नेमून देणारा नियम हा एक फलनक होय. फलने हेच बिंदू मानून त्यांचा अवकाश रचणे, त्या अवकाशात अंतर, लांबी व दिशा या भूमितीय कल्पना आणणे आणि त्यांच्या साहाय्याने समीकरणे सोडविणे हा फलनक विश्लेषण या गणितशाखेचा विषय आहे. ही शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत आकारास आली. तिचे मूळ निबंध मोजक्या तज्ञांसाठी लिहिलेले होते. ती पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या आवाक्यात येण्यास आणखी सुमारे अर्धे शतक लागले, आणि हे काम प्रामुख्याने पाठ्यग्रंथांनी केले. विद्यार्थ्याला दारात येण्यापूर्वी किती गणित यावयास हवे, या एकाच प्रश्नाला या ग्रंथांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. विशेषतः लबेग समाकल आधी शिकावा की नाही, हा त्यांच्यातील खरा मतभेदाचा मुद्दा आहे.

या विषयाची बीजे इटालियन गणितज्ञ व्हीतो व्होल्तेर्रा (१८६०–१९४०) यांच्या १८८७ मधील निबंधांत आढळतात. स्वीडनमधील ईव्हार फ्रेडहोल्म यांनी १९०० ते १९०३ या काळात समाकल समीकरणांचा सिद्धांत मांडला. त्यावरून स्फूर्ती घेऊन डाव्हीट हिल्बर्ट (१८६२–१९४३) यांनी १९०४ ते १९१० या काळात सहा निबंध प्रसिद्ध केले; १९१२ मध्ये ते एकत्रितपणे ग्रंथरूपाने निघाले. मॉरीस फ्रेशे यांनी १९०६ मधील आपल्या प्रबंधात कोणत्याही संचावर अंतराची कल्पना कशी लादता येते हे दाखविले. ‘फलनक विश्लेषण’ हे नाव मात्र पॉल लेव्ही यांच्या १९२२ मधील फ्रेंच ग्रंथाच्या शीर्षकातून रूढ झाले. या सर्व लेखनाला अध्ययनग्रंथ म्हणता येणार नाही. हिल्बर्ट यांचे निबंध आज वाचणाऱ्यास अनंत चलांची द्विघाती रूपे व निर्धारक यांच्या दाट रानातून वाट काढावी लागते. ज्याला आपण ‘हिल्बर्ट अवकाश’ म्हणतो त्याची भूमितीय भाषा त्यांत नाही. ती त्यांचे शिष्य एर्हार्ट श्मिट यांनी १९०८ मध्ये आणली.

याच काळातील एक प्रमेय पुढील सर्व पाठ्यग्रंथांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. ज्यांच्या वर्गाचे समाकलन करता येते अशा फलनांचा संच घेतला आणि समाकल रीमान यांच्या व्याख्येनुसार मानला, तर त्या संचात फटी राहतात. म्हणजे एकमेकांच्या अधिकाधिक जवळ जाणाऱ्या फलनांची क्रमिका त्या संचातील कोणत्याही फलनाकडे पोहोचत नाही, असे घडू शकते. परिमेय संख्यांमध्ये २ च्या वर्गमूळाच्या जागी अशीच फट असते. आंरी लबेग यांच्या समाकलाचा अवलंब केल्यास या फटी उरत नाहीत, असे हंगेरियन गणितज्ञ फ्रिद्येश रीस (१८८०–१९५६) व ऑस्ट्रियन गणितज्ञ एर्न्स्ट फिशर यांनी १९०७ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले. रीस–फिशर प्रमेय या नावाने ते प्रसिद्ध आहे. अवकाश ‘पूर्ण’ असणे म्हणजे काय आणि ते का हवे, हे या प्रमेयाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही कळत नाही.

१९३२ या एकाच वर्षी या विषयावरील तीन पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध झाले. मार्शल स्टोन (१९०३–८९) यांचा हिल्बर्ट अवकाशातील रैखिक रूपांतरणांवरील सहाशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ अमेरिकेत निघाला. योहान फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी पुंजयामिकीचा गणितीय पाया जर्मनमध्ये मांडला. तिसरा ग्रंथ पोलंडमधील स्टेफान बानाख (१८९२–१९४५) यांचा होता. त्याची पोलिश आवृत्ती १९३१ मध्ये निघाली होती. १९३२ मधील फ्रेंच आवृत्ती तेऑरी देझ ऑपेरासिआँ लिनेअर या नावाने एका नव्या गणितीय ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध झाली. स्टोन व फोन नॉयमान यांना पुंजयामिकीसाठी सदसत् संख्यांवरील हिल्बर्ट अवकाश हवा होता. बानाख यांचा ग्रंथ मात्र सत् संख्यांपुरताच मर्यादित राहिला, पण त्याची व्याप्ती अधिक होती. ज्या अवकाशात सदिशाला लांबी आहे व ज्यात फटी नाहीत, असा कोणताही अवकाश त्यांनी विचारात घेतला. त्याला त्यांनी केवळ ‘ब’ प्रकारचा अवकाश म्हटले. आता तो ‘बानाख अवकाश’ म्हणून ओळखला जातो. हान–बानाख विस्तार प्रमेय, बानाख–स्टाइनहाउस प्रमेय व विवृत चित्रण प्रमेय ही आजच्या प्रत्येक अभ्यासक्रमातील तीन प्रमुख प्रमेये या ग्रंथात एकत्र आली.

बानाख हे लव्हूफ (आताचे युक्रेनमधील लव्हिव) येथे प्राध्यापक होते. क्रेकोच्या उद्यानात १९१६ मध्ये लबेग समाकलाचा उल्लेख करीत बोलणारा एक तरुण हूगो स्टाइनहाउस यांना भेटला आणि तो बानाख निघाला, ही कथा स्वतः स्टाइनहाउस यांनी सांगितलेली आहे. दोघांनी १९२९ मध्ये स्टुडिया मॅथेमॅटिका हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. लव्हूफमधील गणितज्ञ स्कॉटिश कॅफे या उपाहारगृहात जमत आणि न सुटलेले प्रश्न एका जाड वहीत लिहून ठेवीत. १९३५ ते १९४१ या काळात लिहिली गेलेली ही ‘स्कॉटिश वही’ एका अर्थाने या विषयाची पहिली प्रश्नपेटीच होय, परंतु तीत उत्तरे माहीत असलेले प्रश्न क्वचितच असत. १९३६ मध्ये स्तानिस्लाव्ह माझूर यांनी त्यात १५३ वा प्रश्न लिहिला व उत्तरासाठी जिवंत हंसाचे बक्षीस लावले. बानाख यांच्या ग्रंथातील आधारसदिशांविषयीच्या अनुत्तरित प्रश्नाशी त्याचे निकटचे नाते होते. स्वीडनचे पेर एन्फ्लो यांनी १९७२ मध्ये दोन्ही प्रश्न एकदमच निकालात काढले आणि वॉर्सा येथे त्यांना तो हंस खरोखरच देण्यात आला.

या मंडळाचा शेवट दुःखद झाला. जुलै १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लव्हूफमधील अनेक प्राध्यापकांची हत्या केली. बानाख यांना आरंभी आधार देणारे आंतोनी वोम्नित्स्की त्यांत होते. यूलियूश शाउडर १९४३ मध्ये मारले गेले. बानाख यांनी व्यवसायाच्या काळात एका संशोधनसंस्थेत लशीसाठी उवा पोसण्याचे काम करून जीव वाचविला, पण ३१ ऑगस्ट १९४५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्गात बसून या गुरूंकडून शिकण्याचा मार्ग बंद झाल्यावर त्यांचा ग्रंथ हाच मागे उरला. १९४८ मध्ये त्याचे युक्रेनियन भाषांतर झाले व १९५५ मध्ये फ्रेंच मूळ अमेरिकेत पुनर्मुद्रित झाले, परंतु इंग्रजी भाषांतर होण्यास १९८७ साल उजाडले. दरम्यानच्या काळात इंग्रजीतून शिकणाऱ्या पिढ्यांनी बानाख यांची प्रमेये इतरांच्या पुस्तकांतूनच वाचली. तसेही हे पुस्तक विद्यार्थ्यासाठी लिहिलेले नव्हते. त्यात एकही उदाहरणसंग्रह नाही. शेवटी ज्या टीपा आहेत त्यांतले प्रश्न संशोधकांसाठी आहेत.

विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेला पहिला अभिजात ग्रंथ म्हणजे रीस व त्यांचे सहकारी बेला सोकेफाल्वी-नॉज यांची फ्रेंचमधील व्याख्याने (१९५२, इंग्रजी भाषांतर १९५५) होत. एकदिश फलनाचे अवकलन जवळजवळ सर्वत्र करता येते, या लबेग यांच्या प्रमेयाने हा ग्रंथ सुरू होतो. ग्रंथाचा पहिला भाग समाकलाभोवतीच रचलेला आहे. त्यानंतर समाकल समीकरणे आणि हिल्बर्ट अवकाश येतात. अमूर्त व्याख्या येण्यापूर्वी तिची गरज वाचकाला भासलेली असते, हा या ग्रंथाचा दुर्मिळ गुण होय. त्यातही उदाहरणसंग्रह नाही, ही उणीव मात्र खरी. एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्याला विषय समजला की केवळ वाचून झाला, हे ताडून पाहण्याचे साधन त्यात सापडत नाही.

मॉस्को विद्यापीठात अंद्र्येई कोल्मोगोरोव्ह (१९०३–८७) यांनी वेगळा मार्ग धरला. वास्तव विश्लेषण, समाकल समीकरणे व फलनक विश्लेषण हे विषय सुटे न शिकविता त्यांचा ‘विश्लेषण तीन’ असा एकच अभ्यासक्रम तेथे शिकविण्यात येई. सेर्ग्येई फोमिन यांच्यासह त्यांनी लिहिलेले त्यावरील पुस्तक १९५४ व १९६० मध्ये दोन भागांत निघाले. पदवीपूर्व विद्यार्थी हाच येथे प्रमुख वाचक आहे. प्रथम संच, मग अंतर अवकाश, मग रैखिक अवकाश आणि त्यानंतरच माप व लबेग समाकल, असा त्यांचा क्रम आहे. रीस यांनी दारातच ठेवलेला समाकल येथे घराच्या मधल्या दालनात गेला. अंतर अवकाशातील आकुंचक चित्रणाचे प्रमेय सिद्ध होताच ते अवकल समीकरणांना लावून दाखविले जाते, त्यामुळे अमूर्ताचा उपयोग पहिल्या काही पृष्ठांतच पटतो. रिचर्ड सिल्व्हरमन यांनी १९७० मध्ये केलेल्या इंग्रजी रूपांतरात प्रत्येक विभागास प्रश्नसंच जोडण्यात आला. १९७५ पासून ते स्वल्प किमतीच्या आवृत्तीत मिळू लागले. ल्युस्टेर्निक व सोबोलेव्ह यांच्या याच परंपरेतील पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर दिल्लीतूनही प्रकाशित झाले.

अमेरिकेत पॉल हाल्मोश (१९१६–२००६) यांनी १९४२ मध्ये सांत मितीच्या सदिश अवकाशांवर एक छोटे पुस्तक लिहिले. पुढे अनंत मितींत जे करावयाचे आहे त्याच दृष्टीने सारणींचे गणित त्यात मांडले आहे. फलनक विश्लेषणाची पूर्वतयारी म्हणून आजही त्याला तोड नाही. या तयारीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्रिमितीय अवकाशात एकक गोलातील कोणत्याही क्रमिकेतून अभिसारी उपक्रमिका निवडता येते. अनंत मितीच्या हिल्बर्ट अवकाशात परस्परलंब एकक सदिशांची क्रमिका घेतल्यास कोणत्याही दोन सदिशांमधील अंतर २ चे वर्गमूळ इतकेच राहते. ती क्रमिका कोठेही दाटत नाही आणि तिच्यातून अभिसारी उपक्रमिका निघत नाही. सांत मितीत ज्यावर डोळे मिटून विसंबता येते, तेच येथे मोडते. नवशिक्याची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. सांत मितीचे गणित केवळ निर्धारक सोडविण्यापुरते शिकलेल्या विद्यार्थ्यास आपण कशाला ठेचाळलो हेही उमगत नाही. हाल्मोश यांनी १९६७ मध्ये हिल्बर्ट अवकाशावरील प्रश्नांचे पुस्तक काढले. त्यात प्रथम प्रश्न, नंतर सूचना आणि शेवटी उत्तरे असे तीन वेगळे भाग केलेले आहेत. रीस यांच्या ग्रंथातील उणीव ते भरून काढते, परंतु ते प्रवेशिका म्हणून वापरण्याजोगे नाही.

नेल्सन डनफर्ड व जेकब श्वार्ट्झ यांचे रैखिक कारकांवरील तीन खंड (१९५८, १९६३, १९७१) अडीच हजारांहून अधिक पृष्ठांचे आहेत. ते संदर्भासाठी उघडावयाचे ग्रंथ होत. वॉल्टर रूडिन (१९२१–२०१०) यांचा १९७३ मधील ग्रंथ संस्थितीय सदिश अवकाशांच्या सर्वांत व्यापक कल्पनेपासून सुरू होतो. त्यातील सिद्धता इतक्या आटोपशीर आहेत की जाणकार वाचक हरखून जातो. पण नवख्याला त्यांतून विषयाचा कणा दिसत नाही. भारतातील अनेक विद्यापीठांच्या शिफारस केलेल्या पुस्तकांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर छापला जातो आणि ग्रंथालयातील त्याची प्रत पहिल्या प्रकरणापर्यंतच मळलेली आढळते, हा अनुभव नवा नाही.

जॉर्ज सिमन्स (१९२५–२०१९) यांनी १९६३ मध्ये संस्थितीच्या दारातून प्रवेश दिला. त्यांच्या पुस्तकात माप सिद्धांताची अट नाही. संतत फलनांचे व क्रमिकांचे अवकाश हीच त्यांची मुख्य उदाहरणे आहेत. भाषा प्रसन्न आहे आणि कल्पना कोठून आली हे सांगण्याची त्यांना हौस आहे. भारतीय महाविद्यालयांत हे पुस्तक दीर्घकाळ वापरात राहिले, ते याच कारणाने.

अट आणखी सैल करण्याचे श्रेय एर्व्हिन क्रायझिग (१९२२–२००८) यांना जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते उच्च गणितावरील त्यांच्या १९६२ मधील जाडजूड पुस्तकामुळे परिचित होते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या फलनक विश्लेषणाच्या प्रवेशिकेसाठी माप सिद्धांत नको, संस्थितीही नको. रैखिक बीजगणित व कलन पुरेसे आहे. ११ प्रकरणे, नऊशेहून अधिक प्रश्न, त्यांतील अनेकांची उत्तरे आणि शेवटी पुंजयामिकीचा परिचय अशी त्याची मांडणी आहे. गाव लहान, ग्रंथालय तोकडे आणि विचारावयास कोणी नाही, अशा परिस्थितीतील विद्यार्थ्याला हे पुस्तक हात धरून नेते. त्याच्या यशाचे रहस्य हेच होय.

यासाठी जी किंमत द्यावी लागली ती मात्र नोंदविली पाहिजे. लबेग समाकल टाळावयाचा तर वर्ग-समाकलनीय फलनांचा अवकाश आणावयाचा कोठून? क्रायझिग संतत फलनांचा अवकाश घेतात व त्यातील फटी अमूर्त रीतीने भरून काढतात. या क्रियेला ‘पूर्णीकरण’ म्हणतात. परिमेय संख्यांपासून सत् संख्या अशाच तयार होतात, तेव्हा तर्काच्या दृष्टीने त्यात दोष नाही. परंतु अशा अवकाशातील नवे घटक ही फलने राहत नाहीत. ते क्रमिकांचे वर्ग असतात. त्या वर्गांना प्रत्यक्ष फलने मानता येते, हेच तर रीस व फिशर यांनी १९०७ मध्ये सिद्ध केले होते. ज्या प्रमेयाने विषयाला जन्म दिला, ते येथे व्याख्येत विरघळून जाते. केवळ क्रायझिग वाचून पुढे आंशिक अवकल समीकरणांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास, आपण ज्याला फलन म्हणत आलो त्याला एखाद्या बिंदूपाशी किंमत तरी आहे काय, हा प्रश्न अवचित भेडसावतो. म्हणून त्याची पहिली चार प्रकरणे वाचून झाल्यावर रीस व सोकेफाल्वी-नॉज यांच्या ग्रंथाचा पूर्वार्ध वाचावा, हा क्रम एकट्याने अभ्यास करणाऱ्यास अधिक हितकर आहे. वर्गात शिक्षक लाभला असेल तर कोल्मोगोरोव्ह व फोमिन यांचा मार्ग सरळ आहे.

ब्रिटनमध्ये हा विषय पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकविण्याचा प्रघात पडला, त्यामुळे तेथे खास त्या पातळीची पुस्तके निर्माण झाली. निकोलस यंग यांचे हिल्बर्ट अवकाशावरील पुस्तक (१९८८), बेला बोलोबाश यांचे केंब्रिजमधील अध्यापनातून आलेले पुस्तक (१९९०) आणि रिन व यंगसन यांचे पुस्तक (२०००) ही त्यांतील प्रमुख होत. यंग यांचे पुस्तक लहान आहे, पण फूर्ये श्रेढी व अभियांत्रिकीतील नियंत्रण या दोहोंशी हिल्बर्ट अवकाशाचा संबंध ते ज्या सहजतेने दाखविते ती मोठ्या ग्रंथांतही विरळा. फ्रान्समध्ये हाइम ब्रेझिस यांनी १९८३ मध्ये लिहिलेले पुस्तक आंशिक अवकल समीकरणांकडे नेणारे आहे. त्याची विस्तारित इंग्रजी आवृत्ती २०११ मध्ये निघाली.

भारतात हा विषय सामान्यतः पदव्युत्तर वर्गात शिकविला जातो. मुंबई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील बालमोहन लिमये यांचे इंग्रजी पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. भारतीय वर्गात तयार झालेले व भारतीय विद्यार्थ्याला परवडणारे म्हणून ते देशभर पसरले. २०१६ मध्ये त्यांनी वैज्ञानिक व अभियंते यांच्यासाठी याच विषयाची आणखी एक प्रवेशिका लिहिली. राजेंद्र भाटिया व एस्. केशवन यांची पुस्तके २००९ मध्ये एकाच भारतीय ग्रंथमालेत निघाली. भाटिया यांनी व्याख्यानांचा क्रम जसाच्या तसा ठेवला असून एका बैठकीत एक व्याख्यान वाचता येते. केशवन यांचा कल ब्रेझिस यांच्याप्रमाणे अवकल समीकरणांकडे आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वतः सिद्धता शोधावयास लावणारी एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरे १९९३ मध्ये सुरू झाली. त्यांत अंतर अवकाश व रैखिक बीजगणित यांवर दिला जाणारा भर हीच फलनक विश्लेषणाची खरी पूर्वतयारी असते.

एकविसाव्या शतकात पुस्तकाची किंमत व ग्रंथालयाचे अंतर हे दोन अडसर बरेचसे दूर झाले. भारतीय प्रौद्योगिकी संस्थांतील या विषयावरील व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध आहेत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील पदवीपूर्व अभ्यासक्रमाची २०२१ मधील व्याख्यानेही तशीच खुली आहेत. शेल्डन अ‍ॅक्सलर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला माप, समाकलन व वास्तव विश्लेषणावरील ग्रंथ लेखकाने सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. तो माप सिद्धांतापासून सुरू होतो, बानाख व हिल्बर्ट अवकाशांतून जातो आणि कारकांच्या वर्णपट सिद्धांतापर्यंत पोहोचतो. त्यात वर्ग-समाकलनीय फलनांच्या अवकाशाची पूर्णता हे पुन्हा एकवार सिद्ध करावयाचे प्रमेय आहे.